तळघरात पुरलेला बर्च

वायनो केर्टुलाचं उभं आयुष्य सुपीरियर सरोवराकाठच्या जंगलात लाकूड तोडण्यात गेलं. पाठ कामातून गेली तेव्हा त्याने करवत खुंटीला टांगली आणि तळघरात गांजा लावायला घेतला. घरापुरती झाडं लावायला आता मिशिगनच्या कायद्याची मोकळीक होती, आणि पाठीत कळ उठली की त्याला दुसरं काही लागू पडत नसे. बाहेर लावावं तर त्या मुलखात बर्फ वितळतो न वितळतो तोच पुन्हा पडायला लागतो.

वाफा त्याने आपल्या पद्धतीने केला. जाड फळ्यांची कंबरेएवढी पेटी ठोकली. तळाशी, साउनामागे, म्हणजे परसातल्या वाफेच्या न्हाणीघरामागे, पडून पडून कुजलेले बर्चच्या झाडाचे ओंडके रचले, बोटाने दाबले तर पाणी सुटेल असे. त्यावर मेपलचा पाचोळा, जुनं शेणखत, काळी माती आणि बादलीभर गांडुळं. एकदा भरला की वाफा खणायचा नाही. झाड तयार झालं की बुंध्याशी कापायचं, मुळं आतच कुजू द्यायची आणि शेजारी नवं रोप लावायचं. पहिल्या खेपेला पानं पिवळी पडली. कुजणारं लाकूडच मातीचा कस ओढून घेत होतं. "खा बाबा, आधी तुझं पोट भरू दे," म्हणत वायनोने कळ काढली. पुढच्या खेपेपासून झाडं अशी तरारली की वर टांगलेल्या दिव्यांची उंची वाढवावी लागली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी दारावर थाप पडली. बाहेर गॉर्डन ट्रेगॉनिंग उभा. हा गॉर्डन पूर्वी पोलिसात होता. तरुणपणी परसात चार झाडं लावली म्हणून वायनोला बेड्या घालून नेणारा तोच. वायनोने तुरुंगात एक अख्खा उन्हाळा काढला आणि लाकडाच्या गिरणीतलं काम गमावलं. तेव्हापासून तो जंगलात लाकूड तोडू लागला. पुढे दोघं एकाच गावात म्हातारे झाले, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

"या साहेब! वॉरंट आणलंय ना?" वायनो म्हणाला.

गॉर्डन हसला नाही. टोपी हातात घेऊन म्हणाला, "मार्लीनला कॅन्सरची औषधं चालू आहेत. काही पोटात ठरत नाही तिच्या. डॉक्टर म्हणाले, गांजा देऊन बघायला हरकत नाही. दुकानातली गांजाची गोळी दिली, तर तिला नुसती चक्कर आली. मग कुणीतरी तुझं नाव सांगितलं."

वायनोच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण गॉर्डनच्या बायकोचा, मार्लीनचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तुरुंगातून सुटल्यावर गावातली बाकी माणसं रस्ता बदलायची तेव्हा ती एकटी थांबून "कसा आहेस?" म्हणाली होती.

"आत ये, दार लाव. घर गार होतंय," तो म्हणाला. वाळलेल्या कळ्यांची बरणी त्याने गॉर्डनच्या हातात दिली. "अगदी थोडंसं दे. आणि डॉक्टरांना सांगून."

"तुझे किती—"

"पैशाचं नाव काढलंस तर बरणी परत घेईन."

महिना उलटला आणि वायनो साउनातून बाहेर पडताना बर्फावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. मार्केट शहरातल्या इस्पितळात पडल्या पडल्या त्याला एकच घोर लागला: दिवे आपोआप लागतील-विझतील, पण पाणी कोण घालणार? शेवटी त्याने गॉर्डनला फोन लावला.

गॉर्डन लगेच निघालाही, पण बर्फाच्या वादळाने वायनोच्या घराची वाट अडवली. रस्ता मोकळा होईपर्यंत आठवडा गेला. झाडं वाळून गेली असणार, अशा तयारीने तो तळघरात उतरला आणि तिथूनच त्याने फोन केला.

"लेका, खरं सांग, तू आधीच कुणाला तरी पाणी घालायला सांगितलं होतंस ना?"

"का रे?"

"हिरवीगार आहेत! पाचोळ्याखाली हात घातला तर माती ओली."

वायनोने डोळे मिटले. "बर्च आहे तो खाली. प्यायलेलं पाणी सोडतोय हळूहळू."

"पण कडेला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. फावड्याने जरा खालीवर करू का?"

"खबरदार फावड्याला हात लावशील तर!" वायनो इतक्या जोराने ओरडला की नर्स धावत आली. "बटाट्याचं शेत आहे का ते? छत्र्या म्हणजे लाकूड मस्त कुजतंय. तू फक्त पाणी शिंपड आणि वर ये."

पुढे गॉर्डन एक दिवसाआड जाऊ लागला. फोनवर पानांचा रंग सांगायचा, गांडूळ दिसलं तर तेही सांगायचा. इस्पितळातून वायनोला घरी आणायलाही तोच गेला. घरात चूल पेटलेली होती आणि मार्लीन शाल गुंडाळून टेबलाशी बसली होती. खूप वाळली होती, पण पुढ्यातली पास्टी, मांस-बटाटा भरलेली भाजकी करंजी, तिने निम्मी संपवली होती.

"हा गेला महिनाभर तुझ्या झाडांशी बोलतो," ती म्हणाली. "माझ्याशी बोलत नाही एवढं."

गॉर्डनने टोपी काढली. "वायनो, त्या वेळी मी तुला..."

"बस आता. जेव," वायनो म्हणाला. बायको गेल्यापासून या टेबलाशी त्याच्यासोबत कुणी जेवलं नव्हतं. त्याने पास्टीची ताटली गॉर्डनपुढे सरकवली. मग म्हणाला, "आलात. बरं वाटलं."

बर्फ वितळल्यावर गॉर्डनने आपल्या गॅरेजात तशीच पेटी ठोकली. कुबडीवर रेलून वायनो जंगलाच्या कडेचे ओंडके दाखवत होता, गॉर्डन ते उचलत होता आणि मार्लीन खुर्चीत बसून दोघांनाही दरडावत होती, "तो नको रे, अजून कडक आहे. त्याच्या पलीकडचा घ्या."