भिंगताईचं ‘नको’

आमच्या गावात बुरशीनाशक कधी मारायचं हे पीक ठरवत नाही, शेजारी ठरवतो. सकाळी कुणाच्या तरी रानात पंपाची घरघर सुरू झाली की दुपारपर्यंत सगळ्यांचे पंप बाहेर. कशासाठी मारताय, असं विचारावं तर माणसं शेजाऱ्याच्या रानाकडे बोट दाखवतात आणि तो शेजारी त्याच्या पलीकडच्याकडे. बोटं संपली की औषधाच्या दुकानदाराचा दरवाजा लागतो.

त्या दुकानात भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर मक्याची दोन पानं टाचलेली. एक हिरवंगार, त्याखाली ‘मारलेलं’ अशी चिठ्ठी. दुसरं तपकिरी, त्याखाली ‘न मारलेलं’. त्या फळीपुढे भलेभले मिशाळ बाप्ये तोंडाचा आ करून उभे राहतात. माझ्या नणंदेनं मात्र ती फळी पहिल्यांदा बघितली आणि विचारलं, “हे वाळलेलं पान मक्याच्या ताटावर खालून कितवं होतं?”

“पान ते पान,” दुकानदार म्हणाला. “कितवं काय त्यात?”

“सगळ्यात खालचं आहे हे. औषध मारलं तरी वाळतं, नाही मारलं तरी वाळतं.”

दुकानदार हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. फळी अजून तिथेच आहे. हिरवं पान सुकतं म्हणून तो दर दोन दिवसांनी स्वतःच्या रानातलं ताजं पान आणून टाचतो. स्वतःच्या मक्याला त्यानं आजवर कधी औषध मारलेलं नाही, पण हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

तर ही माझी नणंद. गाव तिला भिंगताई म्हणतं, कारण बुटाच्या नाडीत ओवलेलं भिंग सदानकदा तिच्या गळ्यात असतं. शहरात बियाणं तपासायच्या खोलीत तिनं अकरा वर्षं नोकरी केली. मग ती खोली बंद झाली, ही परत आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला लागली. खोली कसली, पानांचं कपाट! टेबलावर वर्तमानपत्रात दाबलेली पानं, खिडकीत वाळत ठेवलेली पानं, आणि मी घडी घालून ठेवलेल्या चादरींमध्येही पानं. लग्न केलं नाही. “वेळ मिळाला नाही,” असं सांगते, आणि मला वाटतं ते खरं असावं.

तिचं काम म्हणजे मोजणी. दव असतानाच रानात शिरायचं, पाच ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी वीस ताटं बघायची. मक्याला तुरा येण्याच्या सुमारास, कणीस जिथं धरणार त्याच्या खालचं तिसरं पान उलटसुलट करायचं. तिथवर करपा, म्हणजे पान जाळणारी बुरशी, चढलेली ताटं निम्म्यावर गेली तर औषध मारायचं, नाहीतर नाही. त्याआधी ती तीन गोष्टी विचारते: वाण कोणता, मागच्या हंगामात इथं काय होतं, आणि धुकं-पाऊस किती दिवस होता. सोयाबीनला शेंगा धरायला लागल्या की पुन्हा तसंच. एवढं साधं आहे. पण ज्याला रानात पाचदा वाकायचं असतं त्याला साधं, आणि वाकायचा कंटाळा असलेल्याला ते फार मोठं शास्त्र. लोक मला विचारायचे, “पानं मोजून काय मिळतं हो तुमच्या नणंदेला?”

सहा वर्षांपूर्वी सोयाबीनवर ठिपके आले. गाव दोनदा फवारून मोकळं झालं आणि तिसऱ्यांदा फवारायच्या तयारीत होतं. भिंगताईनं एक पान उजेडात धरलं, ठिपक्याभोवतीची पिवळी कड दाखवली आणि सांगितलं की ही बुरशी नाहीच, हे जिवाणूंचं काम आहे; बुरशीनाशक त्याला पाण्यासारखं. आमच्या ह्यांना पटलं नाही, पण बहिणीच्या हट्टापुढे त्यांनी मधले चार पट्टे न मारता सोडले. मळणीला तिनं पट्ट्यांचं वेगवेगळं वजन करायला लावलं. फरक शून्य! गाव बघायला लोटलं. माणसं काट्यावरचा आकडा बघायची, मग एकमेकांची तोंडं.

तिथून सगळं फिरलं. कालपर्यंत जे डोळे मिटून फवारत होते, ते आता डोळे मिटून फवारेनासे झाले. मोजणी कुणी शिकून घेतली नाही. तिचं ‘नको’ तेवढं उचललं आणि घरी नेलं. आणि या नव्या पंथाचे महंत कोण, तर आमचे हे. चहाच्या दुकानात बसून भाषणं. “माझ्या बहिणीनं सिद्ध करून दाखवलंय. फवारणी म्हणजे शुद्ध वेडेपणा.” ती दर वर्षी मोजत होती, दर वर्षी सांगत होती की या वर्षीपुरतं नको. पण तिचं ‘या वर्षीपुरतं’ कुणाच्याच कानात शिरत नव्हतं. मधली वर्षं कोरडी गेली, रोग फिरकला नाही, आणि ह्यांचा आवाज आणखी चढला.

गेल्या हंगामात ह्यांनी त्याच रानात सलग तिसऱ्यांदा मका लावला. जुनी ताटं तशीच पडलेली, वाण असा की कणीस जड पण पान नाजूक. भिंगताईनं पेरणीलाच नाक मुरडलं होतं. त्यात तीन आठवडे सूर्य दिसला नाही. तुरे डोकावले त्या सकाळी ती रानातून आली ती गुडघ्यापर्यंत भिजलेली. बूटही न काढता थेट न्याहारीच्या टेबलाशी उभी राहिली.

“दादा, शंभरातली त्रेसष्ट. करपा वर चढतोय. या आठवड्यात मारायलाच हवं. कणसाच्या वरची पानं वाचली तर मका वाचला.”

ह्यांनी पेला खाली ठेवला. “तूच ना म्हणाली होतीस, फवारणी फुकट जाते म्हणून?”

“ते त्या वर्षीच्या सोयाबीनला म्हणाले होते. तुझ्या जन्मभराच्या आळसाला नाही.”

“इतकी वर्षं मी लोकांना शिकवलं. आता मीच पाठीवर पंप घेऊन निघालो तर तोंड कुठं लपवू?”

“मक्यात लपव. उभा राहिला तर.”

आता माझं ऐका. मी या गावाला मेंढरं म्हणणारी. दुकानदाराची, ह्यांची, सगळ्यांची टर उडवणारी. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “ताई, तुम्हीच तुमचा शब्द फिरवलात तर लोक तुमच्यावरच हसतील. थोडं थांबून बघू.” मला तिची काळजी नव्हती. घराचं हसं होईल याची होती. ह्यांना तेवढाच आधार हवा होता. ते म्हणाले, “बघ, वहिनीपण तेच म्हणतेय,” आणि विषय संपला. ती चार दिवस रोज तेच सांगत राहिली. पाचव्या दिवशी गप्प झाली.

पुढच्या पंधरवड्यात करपा कणसाच्या वर गेला. पानांवर हाताएवढे राखाडी पट्टे पडले, मग पानंच गेली. दाणा दुधातून घट्ट व्हायला लागला तेव्हा आमचे हे जागे झाले आणि पंप काढायला धावले. भिंगताई दारात आडवी आली. “आता नको, दादा. आता मारून काहीही होणार नाही.” जेव्हा ऐकायला हवं होतं तेव्हा ऐकलं नाही, मग आता कशाला ऐकतील? दिवसभर फवारत होते. आणि पंपाची घरघर ऐकताच अख्ख्या गावानं पंप काढले! ज्यांचा मका ठणठणीत होता त्यांनीही मारलं. एकानं तर पानं झडून चाललेल्या, कापणीला आलेल्या सोयाबीनवर मारलं. हसावं की कपाळ बडवावं ते मला कळेना.

पानं गेल्यामुळे आमची ताटं पोकळ झाली होती. एका दुपारच्या वाऱ्यात निम्मा मका आडवा पडला. जे हाताला लागलं ते भरून आम्ही गावच्या काट्यावर गेलो. ट्रॉली नेहमीच्या निम्मीसुद्धा नव्हती. काट्याशी रांग होती, दुकानदारही तिथंच उभा होता. त्यानं गालातल्या गालात हसत विचारलं, “काय हो, वेळेवर मारलं नाहीत वाटतं?”

हे म्हणाले, “बहिणीचा सल्ला. तिच्या नादानं थांबलो आणि बुडालो.”

सगळ्यांच्या माना वळल्या. भिंगताई ट्रॉलीच्या मागं उभी होती, दाणे हातात घेऊन बघत होती. तिनं मान वर केली नाही. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “पानं मोजून शेती होत असती तर काय!” आणि लोक हसले. ते हसू ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. इतक्या वर्षांची तिची ओली पहाट त्या एका वाक्यात मातीत घातली होती, आणि घालणारा तिचा सख्खा भाऊ.

“खोटं आहे,” मी ओरडले. “तिनं तुरे आले तेव्हाच सांगितलं होतं. ह्यांनी ऐकलं नाही, आणि मी ह्यांना साथ दिली. पान कुणी मोजलं आणि तोंड कुणी वाजवलं, नीट ऐकून घ्या.”

ह्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पुढं आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, तो आराम मला पुरेपूर लाभला.

घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेले. खरं सांगते, शाबासकी घ्यायला गेले होते. भर काट्यावर नवऱ्याला खोटं पाडलं होतं मी, लहान गोष्ट नव्हती. ती खाली बसून बुटांचा चिखल खरवडत होती.

“बोललात ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण वहिनी, दादाचं सोडा, तो कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही का नाही बघितलंत?”

“मला काय कळतं ताई त्यातलं?”

“कळायला काय हवं? तो मका तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो.”

ती पुन्हा चिखल खरवडायला लागली. मी रोज तासभर त्या खिडकीशी उभी राहून भांडी घासते.