दुपारचा मुका फोन

"फोन वाजतो. उचलला की कुणी बोलत न्हाई, नुसता श्वास ऐकू येतो," काउंटरपलीकडून कमलबाई म्हणाल्या. "रोज दुपारी. घरात नवी सून हाय माझ्या. ह्यो कोण हाय, नाव काढून द्या. न्हाई तर फोन बी काढा, सुनेला बी माहेरी धाडते."

परभणीचं एक्सचेंज नुकतंच इलेक्ट्रॉनिक झालं होतं. मी ट्रेनिंग घेऊन आले होते आणि टेलिफोनचा शोध आपणच लावला अशा थाटात वावरत होते.

"दोन दिवसांत पकडून देते," मी म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, आधी पकडा. मग सांगा."

स्विच रूममध्ये चपला काढून जायचं. मशीनला धूळ चालत नसे. बाहेर रणरणतं ऊन, आत गारवा, मंद घरघर, मिणमिणते हिरवे दिवे. एकेक दिवा म्हणजे कुणाचं तरी बोलणं, असं मला वाटायचं. बघता बघता डोळे मिटायचे. ड्यूटीवर किती पेंगले ते आता सांगायला हरकत नाही.

कमलबाईंच्या नंबरला ट्रेसिंग लावलं. म्हणजे येणारा कॉल कुठून आला ते मशीन छापून देतं. दुसऱ्या दुपारी कागद सरकला. नंबर पाहिला आणि माझी झोप उडाली. तो गोदामावशींचा होता. कमलबाईंची सून निर्मला, तिची ही आई.

मावशींना मोतीबिंदू. घरात एकट्या, डायलवरचे आकडे दिसेनात. महिन्यापूर्वी मीच हौसेनं त्यांना हॉटलाइन लावून दिली होती. रिसीव्हर उचलून पाच सेकंद थांबलं की फोन आपोआप लेकीकडे लागतो. "फक्त अडीअडचणीला," असं बजावलंही होतं. म्हणजे कमलबाईंचा नंबर मीच जोडलेला, आणि त्या समोर उभ्या असताना मला ओळखू आला नाही. हुशारी अशी.

मावशींकडे गेले. पलीकडून फोन ठेवलेला, तरी रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले.

"मावशी, बोलत का नाही?"

"लेकीच्या सासरी रोज काय बोलायचं, बाई? व्याही काय म्हणतील. नुसतं ऐकते. विहीणबाई हॅलो हॅलो करतात, तवर मागं भांडी वाजतात. परवा निर्मला हसायली होती. काल खोकली. काढा घे म्हणावं वाटलं. न्हाई म्हणले."

निर्मलावर कसला संशय आलाय ते सांगितलं. मावशींनी रिसीव्हर चाचपडत ठेवला.

"काढून टाक ते. आत्ताच काढ."

साहेब म्हणाले, "लाइनमध्ये फॉल्ट होता म्हणून कळवा. मोकळ्या व्हा." पण फॉल्ट श्वास घेत नाही, हे कमलबाईंना कळलं असतं. पोरीवरचा डाग तसाच राहिला असता. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं, माझ्या हॉटलाइनसकट.

"म्हंजे मी विहीणबाईला शिव्या घातल्या व्हय," कमलबाई एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. मावशींना राहवलं नसावं. कमलबाईंनी उचलला, हॅलो म्हटलंच नाही. "विहीणबाई, ऐका," म्हणाल्या आणि वायर ताणून रिसीव्हर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. आत निर्मला भाकरी थापत होती. थप थप थप. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. मला तिथंही डुलकी लागली.

हॉटलाइन काढली नाही. चालू ठेवायचं कारण रजिस्टरात लिहावं लागतं. मी 'इमर्जन्सी' लिहिलं. साहेबांनी मॅन्युअल उघडून पाहिलं. त्यात इमर्जन्सीची व्याख्या दिलेली नव्हती. त्यांनी सही केली.