नाना हवालदारांचे खड्डे

विहिरीसाठी लाकूड मागवताना मी कागदावर विहिरीऐवजी 'पिट' असं लिहिलं. चूक माझी, अक्षरही माझंच, आणि चांगलं वळणदार. सांगलीच्या साहेबांवर छाप पडावी म्हणून सगळा कागद इंग्रजीत केला होता. 'वेल' हा शब्द मला येत होता, नाही असं नाही. पण त्या विहिरीला अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता, तेव्हा तिला विहीर म्हणणं मला खोटेपणाचं वाटलं. भाषेच्या बाबतीत मी फार सचोटीचा माणूस.

साल दुष्काळाचं. कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावात सरकारी कामावर पिण्याच्या पाण्याची विहीर खोदली जात होती आणि वाईहून आलेला, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला मी तिथला हजेरी-कारकून. खोदणाऱ्यांचे म्होरके नाना हवालदार. मोठ्या लढाईत ते खंदक खणणाऱ्या पलटणीत होते. गावात प्यायला पाणी नव्हतं, तरी रोज अर्ध्या पेल्यात दाढी करायचे. मग विहिरीत उतरून कडेची माती चिमटीत घ्यायचे, चुरडायचे, जिभेवर ठेवायचे आणि तिच्याशी भांडण असल्यासारखे थुंकायचे. त्यानंतरच बाकीच्यांना खाली बोलवायचे.

नानांचं इंग्रजी शंभरेक शब्दांचं. त्यातले निम्मे शिव्यांचे, उरलेले खड्ड्यांचे.

"काय लिवलंसा, सायेब?" माझा कागद बघून त्यांनी विचारलं.

"पिट."

"आवं, पिट म्हंजे कचऱ्याचा, न्हाईतर संडासाचा. आडवा खणला की ट्रेंच. तोफगोळ्यानं पाडला की क्रेटर. उंदरा-सापाचा त्यो होल. आन् सरळ खाली जातो, मानूस आत उतरून काम करतो, त्यो शाफ्ट. कडा ढासळू नयेत म्हनून शाफ्टला लाकूड द्यावंच लागतं. गोऱ्या सायबानं दर खड्ड्याला येगळं नाव ठेवलंय, कारन दर खड्ड्यात मरायची तऱ्हा येगळी हाय."

"आणि तुमचं शिक्षण किती, नाना?" मी विचारलं.

"चौथी. तीबी मास्तर कटाळला म्हनून पास केलं."

माणसं हसली. मीही हसलो, आणि कागद तसाच पाठवला. चौथी पास माणसाकडून शब्द घ्यायचा म्हणजे माझ्या पदवीचं काय राहिलं?

मंगळवारी कागद परत आला. वर लाल शाईत शेरा : 'पिटला लाकूड कशासाठी? खुलासा करावा.' मी तो पेटीत ठेवला. म्हटलं, शनिवारी वाईला जाऊ, घरच्या शब्दकोशात चांगला, भारदस्त शब्द बघू. शब्दकोश वाईत होता. नाना माझ्यापासून दहा पावलांवर होते.

विहीर तीस फुटांवर गेली होती. वरची माती भुसभुशीत, पूर्वेच्या अंगाला बोटभर भेग. नाना त्या बाजूला कुणाला उभं राहू देत नव्हते, स्वतःच खणायचे. रोज वर आले की विचारायचे, "सायेब, लाकूड कवा?"

"निघालंय, नाना."

बुधवारी निघालं, गुरुवारीही निघालंच.

"लय लांबनं येतंय जनू," गुरुवारी ते म्हणाले. त्यांना कळलं होतं की काय, हे मला आजही माहीत नाही.

शुक्रवारी दुपारी मी मांडवात बसून खुलासा लिहायला घेतला होता. इंग्रजीतच. विहिरीतून नानांचा आवाज आला, "सगळी वर! च्या प्या जावा!" चहाची वेळ नव्हती. अकरा माणसं दोराच्या शिडीवरून वर आली. बारावे नाना. त्यांचा हात शिडीला लागला होता, असं शेवटी वर आलेला गडी सांगतो. मी फक्त माती कोसळल्याचा आवाज ऐकला. पोतं टाकल्यासारखा, फार मोठाही नाही.

नानांना मातीखालून काढायला चार तास लागले. त्या अकरा जणांनीच काढलं. मी खोरं उचललं, तर एकानं ते हातातून काढून घेतलं आणि मला बाजूला बसवलं.

लाकूड दुसऱ्या दिवशी आलं. ट्रक भरून, कुठल्याही कागदाशिवाय.

तिसऱ्या दिवशी नानांच्या घरी गेलो. नानांची बायको, आमच्या काकी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं. पिट, शेरा, पेटी, शब्दकोश. बी. ए.सुद्धा सांगितलं, का कोण जाणे. माझं सांगून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"इंग्रजी येत न्हवतं, तर मराठीत लिवायचं की, मुडद्या."