साळवे मॅडमची बुरशी

आमच्या साळवे मॅडम जावळाला हमखास यायच्या, पण बाळासाठी नाही, केसांसाठी. अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या इमारतीत कुणाच्याही पोराचं जावळ असो, हातात आहेराचं पाकीट आणि पर्समध्ये रिकामी पिशवी तयार. एकदा बाळाच्या आजीने सरळ विचारलं, "मॅडम, केस कशाला पायजेत? काय करणी-बिरणी नाय ना?" मॅडम म्हणाल्या, "मावशी, अर्धे तुम्ही नदीत सोडा, अर्धे मी मातीला घालते. लहान पोरांचा केस तेलकट नसतो, बुरशीला फार आवडतो."

ते खरंच होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि मग तिथेच शिकवायला लागले. काचेच्या बशीत ओली माती घ्यायची, वर वाफेने निर्जंतुक केलेले केसांचे तुकडे टाकायचे. काही आठवड्यांनी त्यांच्यावर पांढरी लव धरायची. माणसाच्या कातडीवर गजकर्ण उठवणाऱ्या काही बुरश्या अशा मातीतच राहतात. मी पहिल्यांदा बशीला हात लावायला कचरले, तेव्हा म्हणाल्या, "अगं, खाणार नाही ती तुला. फार तर खाजवत बसशील."

बदलापूरजवळच्या एका भातखाचराच्या मातीत त्यांना वेगळीच बुरशी सापडली. बीजाणू नेहमीपेक्षा निमुळते, रंगही निराळा. त्याच खाचरात त्यांची आई मजुरीने लावणी करायची, पायांना कायम खाज. बुरशी नवी ठरली तर तिला आईचं नाव द्यायचं, हे मॅडमनी ठरवूनच टाकलं होतं. "सातबाऱ्यावर नाही लागलं, शास्त्रात तरी लागू दे," असं म्हणून हसायच्या.

पण हल्ली नुसत्या रूपावर कुणी विश्वास ठेवत नाही. बुरशीच्या डीएनएचा ठरावीक तुकडा अक्षर-अक्षर वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो. नमुना मीच पाठवला, निकालही माझ्याच मेलवर आला. जुनीच, सगळीकडे आढळणारी बुरशी निघाली. मॅडमनी आणखी एक तुकडा वाचून घ्यायला लावला. त्यानेही तेच सांगितलं.

मॅडमनी दोन्ही निकाल स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावून ताडून पाहिले. "तीच आहे गं," म्हणाल्या.

"मॅडम, दुसऱ्या एखाद्या लॅबला पाठवू या का?"

"नको. आपल्याला हवं ते ऐकू येईपर्यंत विचारत राहायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत." मग डबा उघडला आणि मला अर्धी भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी स्वतःच ती बशी फिरवली. "बघून घ्या हिला. हिने मला फसवलं. रूपावर जाऊ नका रे."

त्याच उन्हाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. तास पुरा केला, बश्या धुतल्या, मग निघाले. अंत्यविधीला बुद्धवंदना चालू असताना हात जोडून उभी होते, ओठ हलले नाहीत. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही येत नाही. आत सगळं सुन्न आहे, एवढंच कळतं.

बुरशी मात्र जिवंत आहे. अधूनमधून मी ती नव्या नळीत घालते आणि नळीवर तिचं जुनं, खरं नाव लिहिते. दुसरं काही लिहिलेलं मॅडमना चाललं नसतं. पण हे काही शास्त्र नाही, म्हणून इथे लिहिते: त्यांच्या आईचं नाव तानुबाई होतं.