बावीस गेजचे चाचा

हेवी मेटल संगीत परदेशात जन्मलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा नांदेडच्या जुन्या भागात, पत्र्याच्या पेट्या बनतात त्या गल्लीत यावं आणि आमच्या चाचांना भेटावं. माझ्या मते ते संगीत चाचांच्या दुकानात जन्मलं आणि परदेशातल्या लोकांनी त्याला फक्त गिटार जोडली. आमच्या बँडपुरतं तरी हे शंभर टक्के खरं आहे. आम्ही तिघं. गायक तहसील कचेरीत कारकून, बेस गिटारवाला मोबाईल दुरुस्त करतो, आणि मी लातूरच्या एका क्लासमध्ये सहा दिवस भौतिकशास्त्र शिकवून रविवारी सकाळच्या एसटीनं गिटार मांडीवर घेऊन नांदेडला येतो. आमचा पहिला ड्रमर पुण्याला नोकरी लागून गेला. जाताना ड्रमसेट बेसवाल्याच्या घरी ठेवून गेला आणि त्याच्या आईनं त्यावर कुरडया वाळत घातल्या. वर्षभर आम्ही ड्रमरशिवाय मेटल वाजवलं. ते कसं वाजत असेल याची कल्पना ज्याला मेटल आवडत नाही त्यालाही करता येईल.

माझा मावसभाऊ लातूरला वसतिगृहात राहायला निघाला, म्हणून त्याला पेटी घ्यायला मी त्या गल्लीत गेलो होतो. एका दुकानात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले साठीला टेकलेले एक गृहस्थ बसले होते. डाव्या पायानं पत्रा दाबून धरलेला, दोन्ही हातांत दोन हातोड्या, आणि त्या अशा पडत होत्या की मी पेटी विसरून उभाच राहिलो. दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"काय पाहिजे, बेटा?"

"चाचा, तुम्ही ड्रम वाजवता का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "वाजवायचो. वरातीच्या बँडमध्ये. घोडं भडकायचं म्हणून काढून टाकलं."

ही गोष्ट पुढे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की ते घोडं आमच्या ओळखीचं झालं. उमरीला एका वरातीत चाचांनी असा काही हात चालवला की घोडं नवरदेवाला घेऊन थेट स्टँडवर गेलं आणि तिथं एसटीच्या रांगेत उभं राहिलं. चाचांना त्याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही. उलट "जनावराला ठेका समजला, माणसांना न्हाई समजला," असं त्यांचं मत होतं.

तर असे चाचा आमचे ड्रमर झाले आणि त्यांचं दुकान आमची तालमीची जागा झाली. बँडचं नाव 'गंज' आहे हे ऐकून त्यांनी काठ्या खाली ठेवल्या. पत्र्याच्या दुकानात ते नाव घेत नाहीत म्हणे. आजतागायत त्यांनी ते तोंडातून काढलेलं नाही. कुणी विचारलं तर "ते आमचं लालवालं" असं सांगतात. आम्ही तिघं काळे टीशर्ट घालतो, ते मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट सोडत नाहीत, कारण काळ्यावर पत्र्याचा चुरा दिसतो. मेटल ऐकताना मान झटकायची असते हे गायकानं त्यांना करून दाखवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि टोपी पडली तर उचलायची कुणी?" गायकाच्या घशातून निघणाऱ्या डरकाळ्यांबद्दल त्यांना खरी काळजी वाटे. पहिल्या तालमीनंतर त्यांनी त्याला बाजूला घेऊन पोटाची चौकशी केली, आणि पुढच्या रविवारपासून त्याच्यासाठी ओवा आणि काळ्या मिठाची पुडी न चुकता येऊ लागली. गायकाचं पोट कधीच दुखत नव्हतं, पण तो ती पुडी खातो. आता त्याला ती सवयच लागली आहे.

गाणं बरं की वाईट हे ते पत्र्याच्या जाडीत सांगत. "मास्तर," मला ते मास्तरच म्हणतात, "हे अठ्ठावीस गेजचं झालं. बोट लावलं की वाकतं. बावीसचं करा." पत्र्यात आकडा लहान होतो तशी जाडी वाढते, हे समजायला आम्हाला महिना लागला. तोवर आम्ही बरोबर उलट करत होतो. आमचं नळाला आठ दिवसांनी पाणी येण्यावरचं गाणं ऐन बाविसाचं आहे असं त्यांनी जाहीर केलं, त्या दिवशी आम्ही तिघांनी चहाबरोबर भजी मागवली. आणखी एक हट्ट होता. बेसचा स्पीकर त्यांच्या डाव्या पायाला टेकलेलाच पाहिजे. "डब्बा पायाला लावा," असं म्हणून ते चप्पल काढून पाऊल त्यावर ठेवत आणि सगळा वेळ माझ्या हाताकडे बघत. मला वाटायचं, माझं वादन त्यांना फार आवडतं.

चार वर्षं अशी मजेत गेली. गणपतीत एकदा आणि धर्माबादला एका मित्राच्या दुकानाच्या उद्घाटनाला एकदा वाजवलं. तिथं लोकांनी दोन गाण्यांनंतर, आता काहीतरी गाणं म्हणा, अशी विनंती केली. मग लातूरच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण आलं. आमच्या दृष्टीनं हा मोठा कार्यक्रम होता. माझे काही विद्यार्थी तिथं शिकायला होते, त्यांनीच खटपट केली होती. लावणी आणि बक्षीस समारंभ यांच्या मधली वेळ मिळाली, भर दुपारची. मंडपात हजारभर पोरं. चाचांनी शर्टाला दोनदा इस्त्री करून आणली होती. पण तिथले स्पीकर स्टेजच्या खाली, जमिनीवर मांडलेले. चाचांनी व्यवस्थेतल्या माणसाला दोनदा सांगितलं, "एक डब्बा माझ्या पायाला द्या." तो म्हणाला, "काका, वायर पुरत नाही." चाचा ड्रमवर जाऊन बसले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण हट्टी माणसाचा हट्ट मोडला म्हणून असेल, असं समजून मी गिटार लावत राहिलो.

दोन गाणी चांगली झाली. तिसरं पाण्याचं गाणं. ते रंगात आलं तसे चाचांनी डोळे मिटले, एरवी ते कधी मिटत नसत. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. माझी गिटार मेली, बेस मेला, गायक माइकशिवाय नुसताच तोंड उघडून उभा. आम्ही थांबलो. चाचा थांबले नाहीत. डोळे मिटून, मान खाली घालून ते एकटेच वाजवत राहिले. मग मागच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, तो पुढे आला, पोरं खुर्च्यांवर चढली. पाच मिनिटं तरी तो माणूस एकटा वाजवत होता आणि अख्खं कॉलेज त्याच्या मागे चाललं होतं. मला वाटलं, काय हा प्रसंगावधानी माणूस. शेवटी त्यांनी डोळे उघडले, हात लोंबते सोडून उभे असलेले आम्ही तिघं त्यांना दिसलो, आणि काठ्या हवेतच राहिल्या. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. चाचा मात्र घाबरल्यासारखे आमच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून मीही त्यांच्याबरोबर नांदेडच्या एसटीत बसलो. अहमदपूर मागे गेलं. मी कौतुक करत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम वळून म्हणाले, "मास्तर, इकडं तोंड करून बोल. ओठ दिसू दे."

मी वळलो.

"मला तुम्ही कधी थांबले ते कळलं न्हाई."

"वीज गेली होती, चाचा."

"ते न्हाई म्हणून राहिलो मी. मला ऐकू येत न्हाई. लई दिवसांपासून."

आधी मला नीट समजलंच नाही. मग सगळं एकेक करून समजत गेलं: स्पीकरवरचं पाऊल, माझ्या हातावरची नजर, गायकाच्या चेहऱ्यावरून ठरवलेली पोटदुखी. "सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?"

याचं उत्तर मी पटकन द्यायला हवं होतं. मला ते सुचेपर्यंत लोहा आलं. ठेवलं असतं, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण उशीर झालाच होता. ते लपवणार नाहीत आणि आम्ही दुसरा ड्रमर शोधणार नाही, एवढं मात्र त्या एसटीत ठरलं.

त्याच आठवड्यात बेसवाला त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. चाळीस वर्षं पत्रा ठोकून दोन्ही कान गेले होते. यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून चाचा घरी आले तर चाची नेहमीप्रमाणे खच्चून ओरडल्या, "चहा ठेवू का?" चाचा दचकून भिंतीला टेकले. हळू बोल म्हणाले, तर चाची म्हणाल्या, "इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईल?" अजून त्या तशाच बोलतात, आणि चाचा आता त्यांना हळूच उत्तर देतात, जे चाचींना ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात बसले, पत्र्यावर पहिला ठोका मारला आणि हातोडी खाली ठेवली. पुन्हा एक मारून पाहिला. मग उठले, चप्पल घातली आणि गल्लीत घराघरांत जाऊन माफी मागू लागले. "एवढा आवाज होतो हे मला ठाऊक न्हवतं. तुम्ही कसं सोसलं?" शेवटी शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं. "अहो, तुमची हातोडी थांबली की जेवायची वेळ झाली असं मी समजते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन दिवस दवाखान्यात गेलात तर माझा स्वयंपाकच चुकला." चाचांनी हे मला सांगताना दोनदा सांगितलं.

आता ते यंत्र लावूनच वाजवतात. पहिल्याच तालमीत त्यांना आमची गाणी कळली. ज्याला ते चार वर्षं मुलीच्या पाठवणीचं गाणं समजत होते ते खड्ड्यांवरचं निघालं, आणि त्यांना जरा वाईट वाटलं. मुख्य म्हणजे त्यांचा हात हलका झाला. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येतो, आमचाही येतो, आणि आमचा बुडू नये म्हणून ते जपून वाजवतात. लातूरला माझे विद्यार्थी म्हणतात, "सर, आधीचे चाचा पाहिजेत, संमेलनातले." गेजच्या हिशेबात बोलायचं तर आम्ही सव्विसावर आलो आहोत. हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. कुणी कुणाशी बोललेलं नाही.

परवाच्या रविवारी एका गाण्याच्या मध्येच त्यांनी वाजवणं थांबवलं. मला वाटलं, यंत्राची बॅटरी संपली. तर त्यांनी हातानं खूण केली आणि म्हणाले, "आत्ता वाजवला तो तुकडा परत वाजव, मास्तर. तू एकटाच." मी वाजवला. फार काही नाही, चार ओळींचा साधा तुकडा आहे, गाणं पुढे सरकावं म्हणून घातलेला. चाचांनी काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि ते माझ्या हाताकडे बघत नव्हते. बाहेर रस्त्याकडे बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत."