टाळाची खूण

सदाशिव पेठेतल्या त्या तळघराचा जिना उतरताना आधी गोणपाटाचा वास येई. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या त्या गोणपाटाने किती पावसाळ्यांची ओल धरून ठेवली होती, कोण जाणे. त्यात सरांच्या उदबत्तीचा चंदनी धूर मिसळलेला असे आणि अलीकडे तापलेल्या संगणकाचा, नव्या चपलेसारखा, जरा परका वास. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हातून एकदम खाली आलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येई. त्या क्षणभरात हे तिन्ही वास एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, असं मला वाटत राही.

सर म्हणजे त्या तळघरातल्या छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओचे मालक. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावातून मी इंजिनियर व्हायला पुण्यात आलो, तेव्हा आमच्या घरातून पदवीच्या वाटेला लागलेला मी पहिलाच. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला सरांचे कर्णे लागले होते आणि मी त्यांना वायरी गुंडाळायला मदत केली होती, ओळख एवढीच. तेवढ्यावर त्यांनी, वसतिगृहाच्या गोंगाटात याचा अभ्यास होत नाही म्हणून, दुपारी वाचत बसायला हे तळघर मला मोकळं करून दिलं. इतक्या शांततेत मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. पुढे सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी लागली, तरी शनिवार मी त्या गोणपाटासाठी राखून ठेवला. या माणसाने माझ्यावर विश्वास का टाकला, हे मात्र मला कधी उमगलं नाही. आणि कारण ठाऊक नसलेल्या विश्वासाची मनात एक धास्ती असते, की तो आला तसाच एखाद्या दिवशी निघूनही जाईल.

सरांचा आवाज मिसळायचा जुना मिक्सर निकामी झाला आणि त्याच्या जागी संगणक आला, तेव्हा त्यांनी माउसकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘हा उंदीर चिमटीत धरून गाणं मिसळायचं?’’ त्यांचा हात फेडरवर वाढलेला होता. फेडर म्हणजे आवाज कमीजास्त करायची वरखाली सरकणारी पट्टी. रोज सकाळी ते पिवळ्या फडक्याने एकेक फेडर पुसत, खाचेत धूळ बसू नये म्हणून पार वरपर्यंत नेत, पार खाली आणत, आणि मगच कामाला बसत. त्या हातांना काहीतरी धरायला हवं म्हणून मी त्यांच्यासाठी मिडी कंट्रोलर, म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या हाताने हलवायचं यंत्र, आणायचं सुचवलं.

तो जोडला त्या सकाळचा सरांचा चेहरा मला अजून दिसतो. आठ फेडरची, पाटीएवढी हलकी वस्तू. एका वायरीने ती संगणकाला लावली, सॉफ्टवेअरला तिची ओळख करून दिली, पडद्यावरची एक पट्टी निवडून हाताखालची हलवली आणि दोघींची गाठ पडली. सरांनी पाटी उलटी करून पाहिली, कानाशी नेली. यातून आवाज जातच नाही, नुसते आकडे जातात, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे गाणं आत, आणि आम्ही दाराबाहेर बसून निरोप पाठवायचे.’’ पट्ट्या आठच असल्या तरी एक बटण दाबलं की त्याच पट्ट्या पुढच्या आठ ट्रॅकच्या, म्हणजे वेगवेगळ्या नोंदलेल्या पुढच्या आठ आवाजांच्या, होतात, हेही मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि जुन्या सवयीने पट्ट्यांखाली पांढरी चिकटपट्टी लावून तीवर लिहिलं: टाळ, पेटी, तबला, बासरी. बाजूला पेन्सिलीच्या बारीक खुणा. कोणाला कुठवर ठेवायचं त्याच्या.

काम शैलाबाईंच्या भक्तिगीतांचं होतं. बाई नारायण पेठेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं स्नेहसंमेलनाला उभी केल्यावर आता त्यांना स्वतःचं गाणं ऐकायचं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत आम्ही आवाज असा बसवत असू, की तो वाद्यांवर उन्हासारखा पसरे. मी ते संगणकात जपून ठेवी. आणि पुढच्या शनिवारी लावून पाहावं, तर बाईंचा आवाज मागे सरकलेला आणि टाळ तेवढे तोऱ्यात. पुन्हा बसवावा, तर आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी बाईंनी पदर सावरत, कोणाकडेही न बघता विचारलं, ‘‘सर, मी शेजारच्या घरातून गातेय का हो?’’

त्या प्रश्नानंतर तळघराची हवा बदलली. आपलं गाणं सरांना मनातून आवडलेलं नाही, असं बाईंना वाटू लागलं असावं. त्यांनी येताना आणलेला खाऊचा डबा उघडायचं बंद केलं. सर मला नेहमी अरेतुरे करत, ते एकाएकी अहोजाहोवर आले. ‘‘आपण इंजिनियर. काही सुधारणा केल्या असतील, तर आम्हालाही कळवत जा.’’ पुण्यातल्या माणसाचा राग एवढा आदबशीर असतो, की तो आपल्याला लागला हे जिना चढून वर आल्यावर कळतं. आणि माझं मन? ते याहून वाईट वाटेने निघालं होतं. मला सरांच्या कानांचा संशय येऊ लागला. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले, टाळांसारखे बारीक आवाज हरवतात, हे मी वाचलं होतं. सर आठवडाभरात एकटेच येऊन, आपल्याला ऐकू येत नाहीत म्हणून, आवाज दाबून टाळ वर काढत असतील का? ज्या कानांवर त्यांचं घर चाललं, त्या कानांबद्दल त्यांना विचारायचं कोणी?

विचारलं नाही. त्याऐवजी पुढच्या शनिवारी मी वेळेआधीच गेलो, चपला जिन्यावर काढल्या आणि यंत्रांच्या खोलीच्या काचेपलीकडे उभा राहिलो.

संगणक सुरू होता, बाईंचं गाणं पडद्यावर उघडलेलं होतं, पण ते वाजत नव्हतं. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. सरांनी चष्मा काढून ठेवला होता आणि पिवळ्या फडक्याने ते पट्ट्या पुसत होते: पार वर, पार खाली, आणि मग पेन्सिलीच्या खुणेवर अलगद परत. जुन्या मिक्सरवर अशा खुणांनीच तर गाणं जपलं जाई. पण आदल्या शनिवारचं शेवटचं काम आवाजावर झालं होतं, त्यामुळे पाटी पुढच्या आठ ट्रॅकवरच राहिली होती, आणि त्यांतला पहिला ट्रॅक बाईंचा. सर टाळाची पट्टी टाळाच्या खुणेवर ठेवत होते आणि पडद्यावर बाईंचा आवाज मुकाट्याने खाली येऊन बसत होता.

मला हसू आलं असावं, किंवा सुटकेचा श्वास. सरांनी मान न वळवता पडद्याच्या काचेतल्या माझ्या प्रतिबिंबाला विचारलं, ‘‘पाळत ठेवायला आलात?’’

मी आत गेलो आणि बटण दाबून त्यांना दाखवलं. ते कितीतरी वेळ चिकटपट्टीकडे बघत राहिले. मग नखाने तिचं टोक उचकटून ती हळूहळू ओढून काढली, तिची बोराएवढी गोळी केली आणि म्हणाले, ‘‘पुसतानासुद्धा ऐकत असते ही. सांगायचंस तरी.’’ एकेरी परत आलं होतं. संध्याकाळी बाईंचा आवाज जिथल्या तिथे होता. बाईंनी डबा उघडला आणि नारळाची वडी पहिल्यांदा सरांपुढे केली.

इथे सगळं संपायला हवं होतं. पण बाई गेल्यावर सरांनी तेच गाणं पुन्हा लावलं आणि डोळे मिटून बसले. वडीचा वेलदोडा गोणपाटाच्या वासात विरत चालला होता. ‘‘मी काय पुसतो ते बघायला चपला काढून कोणी येत नाही,’’ ते म्हणाले. कडवं संपलं, टाळांचा लख्ख तुकडा आला, आणि त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, ‘‘टाळ बरोबर आहेत ना रे?’’

इतक्या वर्षांत असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्यांना टाळ खरंच नीट ऐकू येत नव्हते, की माझ्या मनातला संशय त्यांना कळला होता? मी ‘हो सर’ म्हणालो. खरंच बरोबर होते. तरीही त्यांनी गाणं मागे नेलं आणि आम्ही दोघं तेवढाच तुकडा पुन्हा ऐकत राहिलो. ते टाळांकडे कान लावून आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.