प्राणी दारातून आत येतो

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे ताई म्हणत; मालकसुद्धा, आणि ते तिच्याहून चांगले पंधरा वर्षांनी मोठे. तिचं काम मुद्रितं तपासण्याचं. दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतले ऱ्हस्व-दीर्घ नीट करता करता तिची चाळिशी उलटली होती.

तेवढ्यात टीव्हीवर एक अंतराळवाली मालिका गाजली. दर आठवड्याला नवा ग्रह, नवा प्राणी. मालकांनी त्या गोष्टींच्या कादंबऱ्या काढायचे हक्क घेतले, पण नावाजलेल्या लेखकांनी नाकं मुरडली. टीव्हीचं उष्टं आम्ही कशाला लिहायचं, म्हणाले. शेवटी मालक ताईच्या टेबलाशी आले.

"तू लिहितेस का?"

"लिहिते," ताई म्हणाली, आणि मग घाबरली.

हातात पडली ती नुसती संहिता. संवाद ढीगभर, बाकी ठणठणाट. ऐन मोक्याच्या जागी एवढंच होतं: 'प्राणी दारातून आत येतो.' कसला, केवढा, कशाला येतो, पत्ता नाही. म्हणून ताई त्या आठवड्यात भाऊ-वहिनीबरोबर टीव्हीसमोर बसली. ती राहायची त्यांच्याकडेच. वहिनी मालिकेची भक्त, पण आंधळी भक्त नव्हे.

"ही तर गुंडाळलेली गादी आहे," वहिनी म्हणाली. "आणि लंगडतेय बघा, वन्सं."

गादी लंगडत होती खरी. ते लंगडणं ताईच्या डोक्यात बसलं. तिने लिहिलं, की त्याच्या ग्रहावर कशालाच वजन नसतं. स्वतःचा भार त्याला इथे पहिल्यांदा कळतोय, म्हणून तो पाऊल चाचपून टाकतो. माणसं बंदुका रोखतात, त्या कशासाठी असतात हेही त्याला ठाऊक नाही. एका ओळीची चार पानं झाली. नायकाची भाषणं तिने बिनदिक्कत छाटली.

पुस्तक हातोहात खपलं. एका दुपारी एक ताडमाड माणूस चौकटीखाली वाकून कचेरीत शिरला. हातात तेच पुस्तक.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी. का हो?"

"मी तो प्राणी," तो म्हणाला.

ताईने खुर्ची पुढे केली.

"डावा बूट लहान होता, म्हणून लंगडत होतो," तो टेकत म्हणाला. "दिग्दर्शक म्हणाले, असू दे, कोण बघतंय. टीव्हीवर मी मेलो तेव्हा घरात सगळे हसले. पुस्तकात मेलो, तर आई जेवली नाही."

"पुढच्या वेळी काय आहात?" ताईने विचारलं.

"गोगलगाय. पण दुष्ट."

"आतून दुष्ट वाटतं?"

"आतून नुसता घाम. श्वासाला एकच भोक, आणि डिंकाचा वास."

ते सगळं गोगलगायीच्या पुस्तकात आलं. मग तो दर शनिवारी येऊ लागला. इकडे नायकमहाशय रुसले, आणि मालकांनी ताईला बोलावलं.

"गोगलगायीला पाच पानं आणि आपल्याला दोन ओळी, म्हणून कुरकुरतोय तो."

"त्याच्याकडे अख्खी मालिका आहे," ताई म्हणाली. "गोगलगायीचं कोण आहे?"

मालकांनी डोकं खाजवलं. "एक पान तरी वाढव बाई."

ताईने पानभर त्याच्या केसांचं वर्णन केलं. स्वारी खूश झाली.

"वन्सं, हे गृहस्थ शनिवारी निव्वळ गोगलगायीबद्दल बोलायला येतात?" वहिनीने एकदा विचारलं.

"हो," ताई म्हणाली, आणि बरेच महिने ते खरंही होतं. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं.

मालिका यथावकाश बंद पडली, पण पुस्तकांची मागणी काही थांबेना. तेव्हा मालक म्हणाले, आता गोष्टीही तूच रच. ताई गोष्टी रचू लागली. कुठे अडली, की नवरा उठून बाहेरच्या खोलीत त्या प्राण्यासारखा चालून दाखवायचा. कधी सहा पायांचा, कधी बिनपायांचा. त्या धपधपीची तक्रार करायला खालच्या मजल्यावरचे काका एकदा तावातावाने वर आले. तासभर बसले, दोनदा चहा प्यायले, आणि निघताना जिन्यातून वळून विचारते झाले, "पण मग तो प्राणी परत कसा जाणार, ते ठरलंय का?"

"अजून नाही," ताई म्हणाली. "उद्या या."